डॉट सीएनवाली मेल

खानापूरच्या काजूवाल्यांना आलेली मेल, 'दुसरी कंपनी तुमच्या नावाने डॉट सीएन, डॉट एशिया नोंदवतेय, सात दिवसांत कळवा', हा जुनाच सापळा (डॉट सीएन हे वेबसाइटच्या नावाचं चीनचं शेपूट, डॉट एशिया आशियाचं). उत्तर दिलंत की तीच नावं चढ्या भावाने गळ्यात मारतात. खरा रजिस्ट्रार, म्हणजे वेबसाइटची नावं नोंदवणारी कंपनी, असं विचारत बसत नाही. जो आधी मागेल त्याचं नाव.

मात्र 'तुमच्या वेबसाइटच्या नावाची मुदत संपतेय' ही मेल सरसकट उडवू नका. डॉट कॉमसाठी साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी आठवण पाठवणं रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. मेलमधली लिंक दाबायची नाही; आयकॅनच्या (या नावांवर देखरेख करणारी जागतिक संस्था) लुकअप या शोध-पानावर रजिस्ट्रार आणि मुदत बघा, मग रजिस्ट्रारचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा. नोंदणी वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या मेलवर असेल (आपल्या बेळगावकडे हे फार!), तर खरी आठवण तुमच्यापर्यंत येणारच नाही.