औषधाचं पेटंट नेमकं कधी संपतं? तारखा जुळत नाहीत

रुग्णमित्र_तक्ता
एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या औषधाचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि लगेच बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. पुढे कोणत्या औषधाचं पेटंट कधी संपणार, याचा तक्ता आमच्या रुग्णगटासाठी करतोय. पण एकाच औषधाला तीन-तीन तारखा दिसतात. धरायची कोणती? आणि पेटंट चालू असताना किंमत उतरवायला कायद्यात काही सोय आहे का?

कलम_तीन_घ
तारखा तीन दिसतात कारण पेटंटं तीन असतात: मूळ रेणूचं, मग त्याच्या क्षाराचं किंवा स्फटिकरूपाचं, मग मिश्रणाचं. अमेरिकेतली तारीख तर घेऊच नका, तिथे मुदतवाढ मिळते. आपल्याकडे सरळ २० वर्षं. पीसीटीमार्गे, म्हणजे अनेक देशांसाठी एकच अर्ज करायच्या आंतरराष्ट्रीय करारातून, आलेला अर्ज असेल तर ती आंतरराष्ट्रीय अर्जाच्या तारखेपासून मोजायची. लोक अग्रक्रमाच्या तारखेपासून, म्हणजे त्या शोधाचा सर्वात पहिला अर्ज झाला त्या दिवसापासून, मोजतात आणि वर्षभराने चुकतात.

पेटंट कार्यालयाच्या 'इनपास' या ऑनलाइन शोधसेवेवर औषधाच्या नावाने शोधून फारसं हाती लागत नाही, कारण अर्जाच्या शीर्षकात बहुधा फक्त रासायनिक वर्णन असतं. आधी 'मेड्सपॅल' या औषध-पेटंटांच्या ऑनलाइन माहितीसाठ्यावर नाव टाकून डब्ल्यूओ क्रमांक (आंतरराष्ट्रीय अर्जाचा प्रसिद्धी क्रमांक) काढा, त्यावरून पीसीटी क्रमांक, आणि तो इनपासमध्ये टाका. मंजूर झालंय की फेटाळलंय ते बघा. नूतनीकरण शुल्कही तपासा. ते थकलं तर पेटंट मुदतीआधीच गळतं.

रुग्णमित्र_तक्ता
मग क्षाराचं पेटंट अजून बाकी असेल तर जेनेरिक येतच नाही का?

कलम_तीन_घ
मंजूर झालं तर अडतं. म्हणून मंजुरीआधीच हरकत घ्यायची. बेडाक्विलिनचं उदाहरण बघा. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीवरच्या या औषधाचं मूळ पेटंट १८ जुलै २०२३ ला संपत होतं, पण जॉन्सन अँड जॉन्सनचा फ्युमरेट क्षारावरचा अर्ज मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. नंदिता वेंकटेशन आणि फुमेझा तिसिले या टीबीतून बऱ्या झालेल्या दोघींनी हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये अर्ज फेटाळला गेला.

हरकत कोणीही घेऊ शकतं: पेटंट कायद्याचं कलम २५(१), नमुना ७क. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर सहा महिने तरी पेटंट देता येत नाही. तेवढा वेळ हक्काचा. २०२४ पासून शुल्क लागतं आणि हरकत ग्राह्य आहे का, हे नियंत्रक आधी बघतात. 'औषध महाग आहे' हा मुद्दा इथे शून्य किमतीचा. अग्रक्रमाच्या तारखेआधी छापलेला दस्तऐवज जोडा, किंवा कलम ३(घ) लावा: जुन्याच पदार्थाचं नवं रूप, आणि रोगावरचा गुण वाढल्याचा पुरावा नाही. नुसतं शरीरात जास्त शोषलं जातं एवढं पुरत नाही, हे ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाच्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय.

सक्तीचा_परवाना
मंजूर पेटंटावर कलम ८४ आहे, म्हणजे सक्तीचा परवाना: पेटंटधारकाची संमती नसतानाही दुसऱ्या कंपनीला औषध बनवायची मुभा. पण वाट बिकट. या कलमाखाली आजवर एकच परवाना मिळाला: २०१२ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला, कर्करोगावरच्या सोराफेनिबसाठी. महिन्याच्या १२० गोळ्यांना पेटंटधारक बायर २,८०,४२८ रुपये घेत होती, नॅटकोला ८,८८० ची मर्यादा घातली. मुंबई उच्च न्यायालयानेही तो २०१४ मध्ये कायम ठेवला. अर्जासाठी पेटंट मिळून तीन वर्षं व्हावी लागतात आणि आधी कंपनीकडे स्वेच्छा परवाना मागावा लागतो. बीडीआर कंपनीचा डसाटिनिब या कर्करोगावरच्या औषधाचा अर्ज २०१३ मध्ये याच पायरीवर बाद झाला. शिवाय हा अर्ज औषध बनवणाऱ्या कंपनीने करायचा. रुग्णगटाने केला तर गोळ्या बनवणार कोण?

काउंटरपलीकडे
तक्त्यात आणखी एक रकाना ठेवा: औषध सरकारच्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे का. असेल तर कमाल किंमत ठरते: १ टक्का किंवा जास्त बाजारहिस्सा असलेल्या ब्रँडांच्या दरांची सरासरी, अधिक किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के. यादीत नसेल तर पेटंट संपलं म्हणून मूळ कंपनीला दर उतरवायची सक्ती नाही. चिठ्ठीवर जुनाच ब्रँड असला की रुग्ण जुनेच पैसे मोजतो. डॉक्टरांना मूळ रेणूचं नाव लिहायला सांगा, आणि मिलिग्रॅमचा आकडा तोच आहे ना, ते पट्टीवर बघूनच घ्या. मेटफॉर्मिन (मधुमेहाचंच दुसरं औषध) मिसळलेल्या गोळ्यांची नावं फार सारखी असतात.