जि.प. शाळांच्या क्रीडा स्पर्धांचा जुना इतिहास कुठं सापडेल? आणि त्यात रग्बी बसेल का? (पलूस, सांगली)

कृष्णाकाठचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी पलूस तालुक्यात जि.प. शाळेवर आहे, शाळेची शंभरी आलीय आणि स्मरणिकेत खेळाचं पान माझ्या गळ्यात पडलंय, कारण पोरांना घेऊन ग्राउंडवर असतो तो मीच. केंद्र, बीट (एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शाळा), तालुका, जिल्हा अशी आपली जी स्पर्धा होते, लहान गट मोठा गट, कबड्डी खोखो लंगडी रिले, ती आधी कोण घ्यायचं, कुठल्या नावानं घ्यायचं हे लिहायचंय. कपाटात दोन ढाली आहेत, एकीवरची अक्षरं पार उडालीत आणि दुसरीवर "स्कूल बोर्ड" एवढंच वाचता येतं.

दुसरं म्हणजे दिवाळीपासून पाचवी ते सातवीच्या पोरापोरींना रग्बी शिकवतोय, टॅगवाली, म्हणजे बॉलवाल्याच्या कमरेची पट्टी ओढायची, पाडापाडी नाही. पोरं येडी झालीत नुसती. पण पालक विचारतात गुरुजी हे कुठल्या स्पर्धेत हाय, सर्टिफिकेट मिळतं का. तेव्हा जुन्या इतिहासाच्या पानावर शेवटी रग्बीचा फोटो टाकला तर हसं होईल का, तेपण सांगा.

जुना_चढाईपटू

गुरुजी, ती स्कूल बोर्डाची ढाल आधी फडक्यात गुंडाळून ठेवा, घासूनबिसून चकचकीत करायला जाऊ नका, उरलीसुरली अक्षरं जातील. मी केंद्रप्रमुख म्हणून रिटायर झालो, त्यामुळं हे कागद आयुष्यभर चिवडलेत. जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ ला. त्याआधी गावच्या प्राथमिक शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडं होत्या, म्हणजे खेडेगावच्या शाळेत तशी ढाल असेल तर ती ६२ च्या आधीची धरायला हरकत नाही (नगरपालिकेच्या शाळेला हा हिशोब लावू नका, त्यांची शिक्षण मंडळं पुढं बरीच वर्षं चालली). आता ढाल तिरकी धरून टॉर्च मारा आणि "द. सातारा" असं काही दिसतं का बघा. आपला जिल्हा साताऱ्यातनं फुटला १ ऑगस्ट १९४९ ला आणि २१ नोव्हेंबर १९६० पर्यंत त्याचं नाव दक्षिण सातारा होतं, सांगली नाव त्यानंतरचं. त्या दोन शब्दांवरनं तुमची ढाल अकरा वर्षांच्या आत येऊन बसते.

आणि पलूस तालुका म्हणून शोधत बसलात तर हाताला काही लागणार नाही. पलूस तासगावात होतं, कडेगाव खानापुरात. जुन्या निकालात तुमची शाळा तासगाव तालुक्याच्या नावाखाली पडलेली असणार. केंद्रस्तर हा शब्दपण जुन्या कागदात शोधू नका, केंद्रशाळा १९९० नंतरच्या, त्याआधी बीट आणि मग थेट तालुका.

शाळेतच बघा. शेरेबुक काढा, म्हणजे तपासणीचे शेरे लिहायची वही, दिपोटी साहेब (शाळा तपासणारे डेप्युटी) तपासणीला आले की शेवटी दोन ओळी कवायत आणि खेळावर असायच्याच. त्याहून भारी म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर, शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही. लेझीम किती जोड, डंबेल्स किती, फुटबॉल कधी घेतला, फुटला म्हणून कधी निर्लेखित केला (यादीतनं काढला), सगळं तारखेनिशी. बक्षिसाची ढाल आली की तीपण तिथंच चढवायची. शेरेबुकात कौतुकच जास्त असतं, डेडस्टॉकवर मात्र ऑडिट असायचं, म्हणून मी तरी तेच खरं मानतो.

आटपाडीकर

वरच्या सरांचं बरोबर, पण एक राहिलं. सगळा पलूस तालुका पूर्वी सरकारी, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात नव्हता हो. कुंडल औंध संस्थानात होतं, किर्लोस्करवाडी औंधातच, आणि आमची आटपाडी तर औंधचा महाल, म्हणजे संस्थानचा तालुकाच. तुमचं गाव त्यातलं असेल तर पहिल्या वीस-पंचवीस वर्षांचे कागद स्कूल बोर्डाचे नसून संस्थानचे निघतील. आणि खेळाच्या पानाला तो मसाला एक नंबर आहे, कारण औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचे पक्के भक्त, स्वतः रोज घालायचे आणि संस्थानच्या शाळांत मुलामुलींना सक्तीचे केलेले. आमच्या घरी आजोबा म्हातारपणापर्यंत पहाटे नमस्कार घालायचे ते त्या शाळेच्या सवयीनंच, आणि आम्हाला उठवून उभं करायचे ते वेगळंच. १९४८ ला संस्थान विलीन झालं. तेव्हा पहिला परिच्छेद ढालीवरनं सुरू न करता गाव कुणाच्या राज्यात होतं तिथनं सुरू करा.

मिरजेची_तायडी

कागद शोधा म्हणताय सगळे पण कृष्णाकाठच्या शाळांत कागद राहिलेत कुठं? २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २००५ चा पूरपण मागं पडला. भिलवडीपासून खाली सांगलीपर्यंत किती कपाटं चिखलात गेली, सांगलीच्या नगर वाचनालयाच्या पुस्तकांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. सर, तुमची शाळा उंचावर असेल तर नशीब समजा आणि आजच सगळ्या रजिस्टरांचे मोबाईलवर फोटो काढा. नाहीतर गावातल्या साठीपुढच्या बायकांना विचारा, सासुरवाशिणींना नको, माहेरवाशिणींना. खोखोच्या टीमचा फोटो भावाच्या घरी भिंतीवर असतो आणि मागं पेनानं साल लिहिलेलं असतं.

माणदेशी_खोखो

रग्बीचं खूळ कशाला सर? खोखोला बारा पोरं आणि दोन खांब लागतात, बास. आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर शाळेत खोखोच खेळायची आणि पुढं रिओ ऑलिम्पिकला ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला गेली, दहावी आली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवर फायनल गाठणारी तीच. सवलतीचे गुण, नोकरीतलं ५ टक्के आरक्षण, सगळं पोरांना मैदानी आणि आपल्या खेळातनं मिळतंय, ते सोडून अंड्यासारखा बॉल घेऊन पळायचं.

पंचगंगेपल्याड

@माणदेशी_खोखो भावा, खोखो सोड असं सर कुठं म्हणालेत? मी कोल्हापुरात रग्बीला पोरं उभी करतो आणि माझ्याकडं चांगली पोरं येतात ती कबड्डी-खोखोवालीच. हुलकावणी देणं, खाली वाकून अंग चोरणं त्यांना शिकवावंच लागत नाही. त्यांना जड जातं ते एकच, पळायचं पुढं आणि पास द्यायचा मागं. पहिले आठ-पंधरा दिवस सगळे पुढंच फेकतात. आमच्याकडच्या पोरी इथनं भारताच्या टीमपर्यंत गेल्यात, आणि रग्बी शालेय स्पर्धांच्या यादीतही आहे, तेव्हा सर्टिफिकेटचं उत्तर पालकांना देता येतं. फक्त क्रीडा कार्यालयाच्या स्पर्धा १४ वर्षांखालील गटापासून सुरू होतात आणि तुमची बीटची स्पर्धा जिल्हा परिषदेची, हे दोन वेगळे रस्ते आहेत. ते पालकांना आधीच नीट सांगा, नंतर भांडणं नकोत.

सरांसाठी कामाचं: दहा ते चौदा वयाला ४ नंबरचा बॉल, ५ नंबरचा हातात मावत नाही. मुरमाच्या ग्राउंडवर टॅगच खेळवा, पाडापाडी केली तर गुडघे-कोपरं सोलून निघतील आणि दुसऱ्या दिवशी आया शाळेत. बीटच्या स्पर्धेला लंच ब्रेकमध्ये सात-सात मिनिटांचे दोन हाफ प्रात्यक्षिक म्हणून दाखवा, साहेब लोक तिथंच बसलेले असतात.

आणि ज्यांना हा खेळ एकदमच परका वाटतो त्यांच्यासाठी, इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कपासाठी अजून खेळतात तो कलकत्ता कप आपल्या चांदीच्या रुपयांचा आहे. कलकत्त्यातल्या साहेबांचा क्लब बंद पडला, बँकेत शिल्लक २७० रुपये होते ते काढून वितळवले, कप घडवला आणि १८७८ ला इंग्लंडच्या रग्बी युनियनला देऊन टाकला.

कृष्णाकाठचा_मास्तर

लय आभार सगळ्यांचे. टॉर्च मारून बघितलं, "सातारा" नक्की आहे, त्याच्या आधी "द" आहे की ओरखडा ते कळेना, शनिवारी शाळा सुटल्यावर तासगावला जाऊन येतो. गाव आमचं औंधात नव्हतं, पण शेजारचं होतं, तेव्हा तो परिच्छेद येणारच. रग्बीचा फोटो टाकतोय, होऊदे हसं झालं तर. @पंचगंगेपल्याड टॅगला आम्ही सध्या जुन्या साडीच्या पट्ट्या चड्डीत खोचतो, चालतंय का?

पंचगंगेपल्याड

सरावाला चालतंय. प्रात्यक्षिकाला वेल्क्रोचे पट्टे घ्या, साडीची पट्टी पोरं आत गाठ मारून ठेवतात आणि मग ओढली तरी निघत नाही, त्यावरनं निम्मी मॅच वादात जाते.