जुना हाताने कोरलेला आर्चटॉप (वरची फळी कमानदार असलेली गिटार) घ्यावा का?

कोथरूडकर: मंडळी, एक काका १९५० च्या दशकातला आर्चटॉप विकतायत, आवाज भन्नाट आहे पण नेक (तारांखालची लांब दांडी) जरा वाकलाय आणि एफ-होलपाशी (वरच्या फळीवरच्या f आकाराच्या भोकापाशी) बारीक चीर दिसतेय, घेऊ का?

पेठेतला: चीर नीट चिकटवलेली असेल तर टेन्शन नको घेऊ. नेक मात्र बघ, रीसेट (नेक काढून योग्य कोनात पुन्हा बसवणं) लागला तर खिशाला कात्री. आणि ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो तुकडा) चिकटवलेला नसतो हां, नुसत्या तारांच्या दाबावर उभा असतो, मी एकदा सगळ्या तारा एकदम काढल्या, ब्रिज सरकला आणि अख्खा रविवार इंटोनेशन (प्रत्येक पडद्यावर सूर बरोबर लागणं) जुळवण्यात गेला 😅

कोथरूडकर: बापरे! आणि पावसाळ्यात?

औंधवाला: केसमध्येच ठेव, आर्द्रता ४५-५५ टक्के हवी, आपल्याकडे जुलैत कसली मिळतेय म्हणा. जॅझच वाजवायचंय ना? मग फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा लाव, बोटं घसरल्याची चरचर कमी येते.