एका पायावर कुस्ती खेळणाऱ्या भाच्यासाठी पिक्चर सुचवा

औशाचा मामा:
नमस्कार मंडळी. भाचा तेरा वर्षांचा आहे, डावा पाय जन्मापासून गुडघ्याखाली नाही. दोन वर्षं झाली गावच्या तालमीत जातोय, वस्तादांनी त्याला कधी वेगळं काढलं नाही, कुबडी भिंतीला लावून सगळ्यांच्या आधी मातीत उतरायचा. मागच्या महिन्यात एका स्पर्धेत वजन करून घेतलं, नाव लिहून घेतलं आन ऐन वेळेला म्हणले लागलं बिगलं तर जबाबदारी कोणाची, आणि कडंला बसवलं लेकराला. तवापासून तालमीत जाईना झालंय. त्याचा लंगोट दोरीवर तसाच लटकायलाय, बहीण काढत पण नाही. रविवारी त्याच्यासोबत बसून बघता येईल असा पिक्चर सांगा. अट एकच, बिचारा बिचारा करून रडवणारा नको, डाव दिसले पाहिजेत.

उदगीरकर:
मामा, डोळे झाकून ‘अनस्टॉपेबल’ लावा. प्राइमवर आहे, जानेवारी २०२५ ला आला. अँथनी रोबल्स म्हणून अमेरिकन पैलवान, उजवा पाय जन्मतःच नाही, २०११ ला तिथल्या कॉलेज कुस्तीचा १२५ पौंडाचा म्हणजे साधारण ५७ किलोचा चॅम्पियन झाला, त्या सीझनला ३६ कुस्त्या केल्या आन एकही हरला नाही. आणि सगळ्या दोन पायवाल्यांशी बरं का.
मी स्वतः दहा वर्षं माती खाल्लीय म्हणून सांगतो, यात नशीब बिशीब काही नाही. पाय नाही म्हणजे त्याच वजनात खांदे, पाठ, हात समोरच्यापेक्षा भारी. जन्मभर कुबड्यांवर चालल्यानं पंजा लोखंडासारखा. खाली एवढा वाकून खेळतो की समोरच्याला पट काढायला पायच सापडत नाही, आणि हा त्याचं मनगट धरतो ते सोडतच नाही, त्याच मनगटावर त्याला फिरवतो. कुस्तीचे बरेच सीन खुद्द रोबल्सनंच डबल म्हणून केलेत. सुरुवातीला मोठी कॉलेजं त्याला घ्यायला तयार नसतात, तिथं भाच्याला त्याची स्पर्धा आठवेल, तेव्हा जवळ बसा. घरात सावत्र बापाची मारहाण पण दाखवलीय, म्हणून आधी एकदा एकटे बघून घ्या.

नांदेडची माई:
‘चंदू चॅम्पियन’ पण बघा ना मामा, २०२४ चा आहे, आपल्या मुरलीकांत पेटकरांवर. खाशाबा जाधवांचं कौतुक बघून कुस्तीचं वेड लागलेलं पोरगं, मग सैन्य, बॉक्सिंग, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं गेलं, आणि १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदात पोहून भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सोनं. पिक्चर थोडा लांबलाय आणि गाणी मला नको वाटली, पण पाण्यातले सीन चांगलेत. ‘घूमर’ मला नाही आवडला, त्यात कोच फार भाषण देतो. ‘इक्बाल’ जुना झाला तरी गोड आहे, लहान्याला पण चालेल.
आणि पिक्चरच कशाला, आमच्या नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव यांचे व्हिडिओ दाखवा. २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला सुमित अंतिलसोबत तिरंगा त्यांच्या हातात होता, मी रात्री टीव्हीसमोर उभीच राहिले होते. त्या बसून गोळा फेकतात. खुर्ची पट्ट्यांनी जमिनीला आवळलेली असते आणि गोळा फेकताना सीटवरून उठायचं नाही, सगळा जोर कमरेच्या वरचा. उदगीरकरांनी सांगितलं तेच गणित इथं पण दिसतं.

क्रीडाशिक्षक, जिंतूर:
एक गोष्ट मामांना आधीच माहीत असलेली बरी. पॅरालिम्पिकमध्ये कुस्ती नाही. ज्युदो आहे पण तो दृष्टिहीनांचा. म्हणजे पोराला कुस्तीच करायची असेल तर ती सगळ्यांसोबतच, आणि त्यासाठी वस्तादांनी आयोजकांशी स्पर्धेच्या आधीच बोलून ठेवलं पाहिजे, ऐन वेळेला नाही. दुसरीकडे पायाने अधू खेळाडूंना पॉवरलिफ्टिंग आहे, तिथं झोपून बेंचवर वजन मारायचं असतं, पुढं मोठा झाल्यावर जोर मारणाऱ्या पोराला ते जमेल. अपंगत्वाचं युडीआयडी कार्ड काढलं नसेल तर काढून ठेवा. पण आत्ता ‘कुस्ती सोड’ म्हणू नका, हात जोडून सांगतो.

औशाचा मामा:
सगळ्यांचे आभार. काल ‘अनस्टॉपेबल’ बघितला, मारहाणीचे सीन पुढं ढकलले. इंग्रजी कळत नव्हतं तरी पोरगं हललं नाही. मनगटाचा डाव आला की रिमोट माझ्या हातातून घेऊन मागं न्यायचं, चार वेळा बघितला. संपल्यावर काही बोललं नाही, कुबडी सोफ्याला टेकवली, सतरंजीवर खाली बसलं आन म्हणलं मामा हात द्या. मी दिला. ओढून बघितला, सुटला नाही. सकाळी उठून बघतो तर दोरीवर लंगोट नव्हता. वस्तादांना आज संध्याकाळी भेटायलो, पुढच्या स्पर्धेचं आधीच बोलून घेतो.