मदत हवी आहे: क्रूझवरून मार्सेयला एकच दिवस, बरोबर ८१ वर्षांचे बाबा

गोदाकाठची

मंडळी,

ऑक्टोबरात आम्ही पाच जण (आई-बाबा, नवरा, लेक आणि मी) बार्सिलोनाहून सात रात्रींच्या क्रूझला निघतोय. दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, बोट फ्रान्सच्या मार्सेयला लागते. सकाळी ८ ला लागणार, संध्याकाळी ६ ला सुटणार आणि साडेपाचच्या आत सगळ्यांनी बोटीवर हजर. बाकीच्या बंदरांचं माझं मी बघून घेईन. मदत हवी आहे ती या एका दिवसासाठी.

बाबांनी नाशिकला ३४ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सावरकरांच्या मार्सेलिसच्या उडीचा भाग आला की ते पुस्तक मिटून ठेवायचे. फळ्यावर बोट काढायची, तिला एक गोल खिडकी, समोर धक्का, आणि मग तास संपेपर्यंत वर्गात कोणी हलायचं नाही. मी त्याच वर्गात बसलेली आहे. क्रूझचं बुकिंग झाल्यावर मी बंदरांची यादी वाचून दाखवत होते. मार्सेय म्हटल्याबरोबर बाबा म्हणाले, "म्हणजे मार्सेलिस." पुढची यादी त्यांनी ऐकलीच नाही. त्या दिवसापासून त्यांनी जुनी वही काढली आहे, आणि चष्मा लावून रोज काहीतरी लिहीत बसतात.

त्यांना किल्ला नको, बाजार नको. "मला ते पाणी बघायचंय," एवढंच म्हणतात.

अडचणी अशा. बाबांचे दोन्ही गुडघे दुखतात. काठी घेऊन एका दमात चारशे-पाचशे मीटर चालतात, मग बसावं लागतं. चढ आणि पायऱ्या शक्यतो नकोत. क्रूझवाल्यांच्या सहली जवळच्या एक्स-आँ-प्रोव्हान्स या गावाला जातात किंवा बसमधून शहर दाखवून आणतात, त्यात बंदरावर थांबणं नाही. आमचा ट्रॅव्हल एजंट म्हणाला, तिथे बघण्यासारखं काही नाही, एक्सलाच जा. बाबांसमोर म्हणाला, ते मला फार लागलं.

तर बोटीवरून उतरल्यावर जायचं कसं, आणि बाबांना नेमकं कुठे उभं करायचं? तिथे काही फलक, स्मारक आहे का? आई अंडंही खात नाही, तिने दुपारी काय खावं? आणि स्वतःच्या स्वतः फिरलो तर वेळेत परत येण्याची काय काळजी घ्यायची? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

उलटावारा

ताई, मी नोकरीनिमित्त दोन वर्षं मार्सेयला होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट लक्षात घ्या, मोठ्या क्रूझ बोटी शहराजवळ लागत नाहीत. टर्मिनल उत्तरेला आहे, व्यू पोर म्हणजे जुन्या बंदरापासून आठेक किलोमीटरवर. आजूबाजूला नुसते कंटेनर, गोदामं आणि ट्रकांचे रस्ते. तिथून चालत निघायचं मनातही आणू नका. मी होतो तेव्हा बंदराची मोफत शटल बस टर्मिनलवरून ला जोलिएतला, म्हणजे शहरातल्या गोदीच्या भागात, सोडायची. काही क्रूझ कंपन्या स्वतःची पैसे घेऊन जाणारी बस ठेवतात, ती वेगळी. दोन्हींच्या वेळा बोटीवर आदल्या रात्री मिळणाऱ्या पत्रकात बघा. जोलिएतला मेट्रो आणि ट्राम दोन्ही आहेत, पण तिथून समुद्राकाठी जायला काकांना पाऊण-एक किलोमीटर चालावं लागेल. म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला एकच: जाताना टर्मिनलवरूनच टॅक्सी करा. पाच जण आहात, मोठी गाडी मागा. ड्रायव्हरला म्हणा, "मुसेम, एस्प्लनाद दु झी कात्र."

हे झी कात्र (जे-४) म्हणजे पूर्वीच्या गोदीची जागा. आता तिथे मुसेम हे भूमध्य समुद्राकाठच्या संस्कृतींचं संग्रहालय आहे, २०१३ साली उघडलेलं, काळ्या जाळीदार काँक्रीटचं. मंगळवारी ते बंद असतं, पण तुम्हाला आत जायचंच नाही. बाहेरचं पटांगण अगदी सपाट आहे आणि थेट पाण्याच्या कडेपर्यंत जातं. तिथे उभं राहिलं की डावीकडे जुन्या बंदराचं तोंड आणि सां-जां किल्ला, समोर खुला समुद्र, उजवीकडे जोलिएतची गोदी आणि लांबलचक लाटरोधक भिंत. जुनं व्यू पोर आगबोटींना पुरेना, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जोलिएतपासून उत्तरेकडे गोद्या बांधत नेल्या. १९१० सालच्या मोठ्या आगबोटी या नव्या बंदरात लागत. काकांना ते पाणी बघायचं असेल तर तोंड उजवीकडे करून उभे राहा.

दुसरं, तिथून ६० नंबरची बस व्यू पोरला आणि पुढे नोत्र-दाम द ला गार्दपर्यंत जाते. टेकडीवरचं हे चर्च १८६४ चं. वर सोन्याचा मुलामा दिलेली ११ मीटरांची मेरी आहे, गावातले लोक तिला 'बॉन मेर' म्हणजे 'चांगली आई' म्हणतात. आत छताला लहान लहान जहाजं टांगलेली आहेत, वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवस फेडण्यासाठी वाहिलेली. बस वरपर्यंत नेते, पुढे थोड्या पायऱ्या आहेत. काकांनी त्या चढल्या नाहीत तरी चालेल, कारण सगळं बंदर, बेटं आणि ती लाटरोधक भिंत खालच्या गच्चीवरूनही दिसते. फळ्यावर काढलेला नकाशाच समजा.

मिस्त्राल वारा सुटला तर मात्र टेकडी सोडा. ऑक्टोबरात निरभ्र ऊन असतानाही तो माणसाला ढकलतो.

---

मीठागर

परत येण्याबद्दल, पाच क्रूझ केल्या आहेत म्हणून सांगते. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. तुम्ही स्वतःच्या स्वतः गेलात तर थांबत नाही. म्हणून साडेपाच हे डोक्यातून काढून टाका आणि साडेतीन धरा. रोजच्या पत्रकात बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. पासपोर्ट कधी कधी बोटीवर जमा करून घेतात, तेव्हा पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स प्रत्येकाच्या खिशात असू द्या. आणि फोन बोटीवर असताना फ्लाइट मोडवर, नाहीतर बोटीचं सागरी नेटवर्क पकडून भलतंच बिल येतं. बंदरात उतरलात की मगच चालू करा.

---

पानसुपारी

फलकाचं सांगतो. मी दोन वर्षांपूर्वी दोन तास शोधला, मला कुठे आढळला नाही. मनाची तयारी करून जा. पण शहराला त्या गोष्टीची आठवण नाही असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान तिथे गेले होते, भारताच्या वाणिज्य दूतावासाचं उद्घाटन झालं, तेव्हा सावरकरांचा उल्लेख झाला होता.

सरांना एक आठवण द्यावीशी वाटते, त्यांना ती ठाऊक असेलच. आपल्याकडे गोष्ट सांगताना अथांग समुद्र पोहून गेल्याचं चित्र रंगवतात. त्यांना कैदी म्हणून भारतात नेणारी 'मोरिया' बोट तेव्हा बंदरात नांगरलेली होती. ८ जुलै १९१० च्या सकाळी शौचकूपाच्या गोल खिडकीतून ते पाण्यात उतरले, पोहून धक्का गाठला आणि धावत सुटले. पोहण्याचं अंतर मोठं नव्हतं. माझ्या मते मोल आहे ते त्यामागच्या विचाराचं. फ्रान्सच्या भूमीवर पाय लागला की ब्रिटिशांना आपल्याला परस्पर पकडता येणार नाही, हा कायद्याचा हिशोब करून त्यांनी उडी टाकली होती. बॅरिस्टरी शिकलेल्या माणसाची उडी होती ती. फ्रेंच शिपायाने पकडून त्यांना ब्रिटिशांच्या हवाली केलं, म्हणून तर पुढे प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा म्हणतो की या अटकेत आणि ताब्यात देण्यात अनियमितता झाली, पण तेवढ्याने ब्रिटनवर कैदी परत करण्याचं बंधन येत नाही. पॅरिसमध्ये 'ल्युमानिते' या जाँ जोरेस यांच्या वृत्तपत्राने आवाज उठवला होता. त्या जोरेस यांच्या नावाचा चौकही मार्सेयमध्ये आहे.

---

खडकीकर

विषय थोडा बाजूला नेतो, माफ करा. सप्टेंबर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी निघालेले भारतीय सैनिक युरोपात पहिल्यांदा उतरले ते मार्सेयच्याच बंदरात. लाहोर डिव्हिजनबरोबर आमच्या खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. महिन्याभरात, २८ ऑक्टोबरला, त्या न्यव्ह शापेलच्या लढाईत उतरल्या आणि त्यातले बरेच अधिकारी-जवान मारले गेले किंवा जखमी झाले. शहराच्या दक्षिणेला माझार्ग इथे युद्धस्मशान आहे, तिथे भारतीय सैनिकांच्या समाध्या आणि दहन झालेल्यांसाठी स्वतंत्र स्मारक आहे. माझे पणजोबा सॅपर्समध्ये होते, म्हणून मी मुद्दाम गेलो. अतिशय शांत, नीट राखलेली जागा. जुन्या बंदरापासून टॅक्सीने जावं लागतं. त्या दिवशी सरांच्या पायांत बळ असेल तर नक्की न्या. इतिहासाच्या शिक्षकाला तिथून हलावंसं वाटणार नाही.

---

कांदेपोहे

आईंसाठी पानिस! चण्याचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट पिठलं करतात, गार झालं की चकत्या कापून तळतात. आपली पाटवडी तळल्यासारखी, बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. अंडं नाही, दूध नाही. वरून मिरपूड मात्र मागून घ्या.

तापनादपासून सावध राहा, दिसते ती ऑलिव्हची चटणी, पण त्यात आंशोवा नावाचे मासे वाटलेले असतात. फुगास या पावातही कधी कधी असतात. होडीच्या आकाराची नव्हेत बिस्किटं संत्र्याच्या फुलांच्या वासाची, फार छान, पण अंड्याचं विचारून घ्या. बोलायचं असं: "सां व्यांद, सां प्वासों, सां झफ." मांस नको, मासे नको, अंडं नको. त्याआधी "बोंजूर" म्हणायला विसरू नका. तिथे बोंजूर न म्हणता एकदम मागणं हे उद्धट समजतात, आणि म्हटलं की माणसं खूप मदत करतात.

---

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. पानसुपारी यांचं वाचताना बाबांनी मला थांबवलं, वही आणायला सांगितली आणि त्यांच्या पानावर २४ फेब्रुवारी १९११ आधीच लिहिलेलं दाखवलं. खडकीकर, माझार्गचं त्यांना ठाऊक नव्हतं. आता दिवसाचे दोन भाग केलेत, सकाळी झी कात्र, मग जेवण, आणि जमलं तर माझार्ग. टेकडी सोडून दिली.

उलटावारा, एकच शंका. त्या पटांगणावर बसायला काही आहे का? बाबा अर्धा तास तरी थांबतील.

---

उलटावारा

पाण्याच्या कडेला बसके दगडी कठडे आहेत, पण पाठीला टेकू नाही. घडीची छोटी खुर्ची बरोबर ठेवा. आणि टोपी, सावली जवळजवळ नाही.

---

गोदाकाठची

परत आलो. पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते.

मिस्त्राल होता. बेटावरच्या शातो दीफ किल्ल्याला जाणाऱ्या होड्या बंद होत्या, आम्हाला जायचं नव्हतं म्हणून काही बिघडलं नाही. टॅक्सीने सव्वानऊला झी कात्रला पोचलो. घडीची खुर्ची नेली होती, बाबा तिच्यात बसलेच नाहीत. काठी लेकीकडे दिली आणि उजवीकडे तोंड करून उभे राहिले. वाऱ्यामुळे मी त्यांचा दंड धरून होते. बराच वेळाने म्हणाले, "पाणी थोडंच आहे गं. मी फळ्यावर फार लांब काढायचो." मग लेकीला जवळ घेऊन त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, नाशिकच्या विजयानंद थिएटरपासून, जिथे कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. ती चौदा वर्षांची आहे, एकदाही फोन काढला नाही. एक तास दहा मिनिटं आम्ही तिथे होतो.

पानिस जुन्या बंदराजवळ मिळाले. आईने दोन वेळा घेतले आणि घरी करून बघणार आहे.

माझार्गला गेलो. बाबा एकेका दगडासमोर थांबून नाव वाचत होते, शेवटी वेळेकडे बघून मलाच त्यांना आणावं लागलं. खडकीकर, आम्ही तिथे तुमच्या पणजोबांच्या कंपन्यांसाठी फुलं ठेवली.

येताना पैसे वाचवायचे म्हणून जोलिएतहून शटल घेतली, ती चूक झाली. चार वाजता रांग चाळीस मिनिटांची होती आणि बसायला काही नव्हतं. बाबांचे पाय त्या रांगेत दुखले, दिवसभरात नाही. बरोबर वयस्कर माणूस असेल तर येतानाही टॅक्सीच करा.