'रेझर'च्या डीव्हीडीला बुरशी आलीय, वाचेल का? आणि बघायची नेमकी कधी?

खाडीकाठ (गुहागर)
नमस्कार मंडळी, जरा लांबण लावतोय, सांभाळून घ्या.

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. २००८ च्या गणपतीला आला तेव्हा येताना बॅटलस्टार गॅलॅक्टिका ह्या अमेरिकन अंतराळ-मालिकेच्या 'रेझर'ची डीव्हीडी घेऊन आला होता, म्हणजे मालिकेतूनच निघालेला तो वेगळा सिनेमा, पेगॅसस हे अंतराळातलं युद्धजहाज आणि त्याची प्रमुख ॲडमिरल केन, त्यांची गोष्ट. आम्ही दोघं त्या मालिकेचे वेडे, तो आला की आरत्या झाल्यावर रात्री ओटीवर हेच बोलणं. पण ती डिस्क आमच्या प्लेअरवर लागलीच नाही, रीजन चुकीचा असं काहीतरी यायचं. सुट्टी संपली, तो गेला, आणि डिस्क माळ्यावरच्या ट्रंकेत राहिली ती राहिलीच.

यंदा मे महिन्यात कौलं परतताना ट्रंक खाली उतरवली. उघडली तर कुबट वास, कव्हरचा कागद फुगलेला, आणि डिस्कच्या चकचकीत बाजूवर पांढरी बुरशी, मधल्या भोकापासून बाहेर कोळिष्टकासारखी पसरलेली. तालुक्याला एका दुकानात नेली तर त्याने हातातसुद्धा घेतली नाही, लांबूनच म्हणाला गेली ही, टाकून द्या. मला नाही टाकायची. भाऊ इतक्या वर्षांनी ह्या गणपतीला येतोय आणि मला त्याच्यासोबत हीच डिस्क बघायचीय, दुसरी नको.

तर ही साफ होईल का, कशाने करू? आणि बायकोने मालिका अजिबात बघितलेली नाही, तिलाही बसायचंय, तर तिला 'रेझर' मालिकेच्या कितव्या भागानंतर दाखवू?

पागोळी (रत्नागिरी)
दादा टाकू नका, अजिबात टाकू नका. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिमीच्या दोन चकत्या एकमेकींवर चिकटवलेल्या असतात आणि डेटा त्यांच्या मधोमध असतो. तुम्हाला दिसतेय ती बुरशी वरच्या प्लास्टिकवर आहे, आत नाही. लेझरला त्यातून नीट दिसत नाही इतकंच. ब्लू-रे असती तर मी जास्त घाबरलो असतो कारण तिचा थर पृष्ठभागाच्या जेमतेम ०.१ मिमी खाली असतो.

कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, जुन्या मऊ सुती धोतराचा तुकडा, आणि हात फिरवायचा तो मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल गोल फिरवायचा नाही हे महत्त्वाचं, कारण ट्रॅक गोल असतात, गोल ओरखडा पडला तर एकाच ट्रॅकचा सलग भाग जातो आणि प्लेअरला चुका भरून काढता येत नाहीत. आडव्या ओरखड्याचं तो निभावून नेतो. टूथपेस्ट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही लावू नका, प्लास्टिक पांढरं पडतं. मग स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत, पंख्याखाली वाळवा. आणि ओली डिस्क किंवा बुरशी असलेली डिस्क प्लेअरमध्ये घालू नका, ती आतल्या भिंगावर जाऊन बसते.

बुरशी निघाल्यावर उजेडात धरून बघा. डिस्कच्या कडेने आत शिरलेले डाग दिसले, म्हणजे चकत्या सुटायला लागल्यात, तर मात्र उपाय नाही. पण तुमचं वर्णन तसं वाटत नाही.

सुरंगी (मालवण)
रे बाबा त्या दुकानवाल्याचा काय आयकू नको. माझ्याकडे पण असाच झालेला, पंधरा-वीस डिस्क होत्ये, सगळ्ये धुवन घेतलंय, दोन सोडून सगळ्ये चलतत.

एक सांगते, आपल्याकडे नुसतं धुऊन भागत नाही, पुढच्या पावसात परत येते. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव आणि त्या पुड्या अधूनमधून गरम करून घे नाहीतर त्या नुसत्याच पडून राहतात. माझ्या सासऱ्यांनी पुस्तकांच्या कपाटात पंधरा वॅटचा बल्ब लावलेला, पाऊसभर चालू, त्या कपाटात आजपर्यंत बुरशी नाही. डांबराच्या गोळ्या मात्र घालू नको, त्या कपड्यांना ठीक, प्लास्टिकच्या खोक्याला चिकटा येतो. आणि कव्हरचा कागद वेगळा काढून वाळव, बुरशी तिथूनच परत डिस्कवर येते.

वाफोळी (पनवेल, मूळ दापोली)
रीजनचं सांगतो, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालावी ते ठरवणारा आकडा. कव्हरच्या मागच्या बाजूला पृथ्वीच्या गोळ्यात आकडा असेल, अमेरिकेतली म्हणजे १. आपला देश ५ मध्ये येतो, म्हणून तुमचा प्लेअर अडला. बऱ्याच प्लेअरना रिमोटवरून सगळे रीजन उघडायचा कोड असतो, मॉडेलप्रमाणे वेगळा. नाहीतर कम्प्युटरचा डीव्हीडी ड्राइव्ह वापरा, पण लक्षात ठेवा, त्यात रीजन बदलायची मुभा फक्त ५ वेळा असते, पाचव्यांदा जिथे ठेवाल तिथेच तो कायमचा बसतो. म्हणून आधी व्हीएलसी ह्या कम्प्युटरवरच्या प्लेअर सॉफ्टवेअरने बघा, तो बरेचदा रीजनकडे बघतच नाही.

आता डिस्क का सांभाळायची ते. 'रेझर' अमेरिकेत टीव्हीवर लागला २४ नोव्हेंबर २००७ ला, आणि डीव्हीडी आली ४ डिसेंबरला, दहा दिवसांत. तिसरा सीझन मार्चमध्ये संपलेला, चौथा एप्रिल २००८ ला सुरू झाला, मधे वर्षभराची पोकळी, त्यात हा सिनेमा. आणि डीव्हीडीवर तो टीव्हीपेक्षा मोठा आहे! केनच्या लहानपणाचा प्रसंग त्यात आहे, पहिल्या सायलॉन युद्धाचा शेवटचा दिवस (सायलॉन म्हणजे माणसांवर उलटलेले यंत्रमानव, पुढे त्यांतले काही हुबेहूब माणसासारखे दिसतात), ती लहान मुलगी बहिणीला मागे टाकून पळते आणि मग हातात आलेला छोटा चाकू सायलॉनसमोर धरून उभी राहते. तो चाकू ती पुढे आयुष्यभर जवळ ठेवते. हा प्रसंग नसेल तर केन नुसती क्रूर बाई वाटते. मला विचाराल तर अख्ख्या सिनेमाचा जीव तिथे आहे, आणि मिशेल फोर्ब्सने ती बाई जशी उभी केलीय, आवाज न चढवता, तसं काम मालिकांमध्ये फार कमी बघितलंय.

दुसरं म्हणजे ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या दापोलीच्या घरी कित्येक दिवस लाईट नव्हती, नेट तर त्याहून उशिरा आलं. शेजाऱ्यांच्या जनरेटरवर लॅपटॉप चार्ज करून आईबाबांनी डिस्कवरचे सिनेमे बघितले. ऑनलाइनवर आज आहे ते उद्या असेलच असं नाही, आणि कुठली आवृत्ती मिळेल तेही त्यांच्या हातात. डिस्क आपली.

तिठा (अलिबाग)
वहिनींना कुठे दाखवायचा, यावर दोन मतं आहेत. गोष्ट घडते दुसऱ्या सीझनच्या सतराव्या भागानंतर, 'द कॅप्टन्स हँड'नंतर, ली हा मालिकेतला एक मुख्य अधिकारी पेगॅससचा कमांडर होतो तिथे. म्हणून काही जण तिथेच लावतात. मी म्हणेन नको. सिनेमाच्या शेवटी स्टारबक ह्या मालिकेतल्या वैमानिक बाईबद्दल एक भाकीत आहे, ते तिसऱ्या सीझनच्या शेवटानंतर ऐकलं तर अंगावर येतं, आधी ऐकलं तर पुढचं सगळं त्या सावलीत बघावं लागतं. ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने बघा.

वाफोळी (पनवेल, मूळ दापोली)
तिठा, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. पेगॅससची माणसं डोक्यात ताजी असताना सिनेमातल्या केन्ड्रा शॉ ह्या पेगॅससवरच्या अधिकारी बाईचं अपराधीपण जसं पोचतं तसं एक सीझन मधे गेल्यावर पोचत नाही. पण वहिनी पहिल्यांदाच बघणार आहेत, भाकितामुळे मजा जाईल हे खरं, तेव्हा त्यांच्यापुरतं तुमचं बरोबर.

तिठा (अलिबाग)
हो, दुसऱ्यांदा बघताना मीही सतराव्या भागानंतरच लावतो. आणि मालिकेतूनच निघालेला दुसरा सिनेमा 'द प्लॅन' ठेवा अगदी शेवटी, मालिका संपल्यावर. तो तर उलटा आला होता, डिस्क ऑक्टोबर २००९ मध्ये, टीव्हीवर जानेवारी २०१० मध्ये. ती सगळी सायलॉनांच्या बाजूने सांगितलेली गोष्ट आहे, आधी बघितला तर कोण कोण सायलॉन ते सगळं फुटेल.

खाडीकाठ (गुहागर)
मंडळी, काल रात्री लागली! पागोळी म्हणाले तसंच केलं, आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला, दोनदा धुतली, पंख्याखाली वाळवली. उजेडात धरली तर कडेला काही नाही. व्हीएलसीने विनातक्रार उघडली, रीजन बदलावाच लागला नाही. एका ठिकाणी चित्र थांबलं, चौकोन चौकोन झाले, दोन-तीन सेकंद, आणि पुढे सुटली. मी शेवटपर्यंत नाही बघितली, भाऊ आल्याशिवाय नाही बघणार, फक्त मधे मधे पुढे ढकलून तपासली. पण ढकलता ढकलता एका जागी ती लहान मुलगी आणि तो चाकू आलाच, वाफोळी, आणि तिथून मला बंद करता आली नाही, तेवढा प्रसंग बघितला.

बायकोबरोबर आजपासून सुरुवात. सुरुवातीची मिनीसिरीज, मग १३, २० आणि २० भाग, रोज दोन धरले तर महिन्याच्या आत तिसरा सीझन संपतो आणि गणपतीला अजून दीड महिना आहे. सुरंगीताई, डबा आणि सिलिका जेल आजच आणलंय.