स्वस्तातला हॉट टेंट सलग महिनाभर तग धरतो का?

कानटोपी
"स्वस्तातला हॉट टेंट घेऊन यंदा महिनाभर बर्फात राहणार आहे, टिकेल ना?" असं एका मित्राने विचारलं. मी नाही म्हणालो, तो रुसला. म्हणून कारणं इथे मांडतो, तुम्हीही बोला.

नवख्यांसाठी: हॉट टेंट म्हणजे आत लाकडाची शेगडी पेटवता येते असा तंबू. धुराडं छतातल्या किंवा भिंतीतल्या भोकातून बाहेर काढतात. त्या भोकाभोवती काचतंतूंच्या कापडाची जी पट्टी शिवलेली असते तिला स्टोव्ह जॅक म्हणतात.

माझा तंबू पॉलिस्टरचा, पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप दिलेला, मधोमध एक खांब. दोन हिवाळे शनिवार-रविवार वापरला, तक्रार शून्य. तिसऱ्या हिवाळ्यात सलग चोवीस रात्री राहिलो आणि त्याने एकेक अवयव टाकायला सुरुवात केली. नवव्या रात्री दाराची चेन गेली (गोठलेली होती, मी अर्धवट झोपेत ओढली). पंधराव्या रात्रीपर्यंत ठिणग्यांनी छताला इतकी भोकं पडली की आडवं झाल्यावर तारे दिसायचे. अठराव्या रात्री वाऱ्यात जॅकची शिवण एका कोपऱ्यातून उसवली. कापड मात्र शेवटपर्यंत धड होतं. जाहिरातीत ज्याचं कौतुक, ३००० मिलिमीटर जलरोधक वगैरे, त्याला काही झालं नाही. ज्याबद्दल चकार शब्द नसतो तो दोरा, ती चेन, ती पट्टी, हेच आधी जातं, कारण काटकसर तिथेच केलेली असते.

दोन रात्रींसाठी बिनधास्त घ्या. महिन्यासाठी नको.

भटकभवानी
साफ असहमत. सलग राहिल्याने तंबू लवकर जातो हे गृहीतकच उलटं आहे. तंबू उभा असताना झिजतो त्याहून जास्त घडी घालताना झिजतो. थंडीने ताठरलेलं कापड पिशवीत कोंबलं की घडीघडीवर पीयूच्या लेपाला चिरा पडतात. जॅक काचतंतूंचा, तो त्याच रेषेत पुन्हा पुन्हा दुमडला की तंतू मोडतात. वर ओला तंबू घरी नेऊन "उद्या वाळवू" म्हणत आपण कोपऱ्यात टाकतो, मग ओलाव्याने लेप चिकट होऊन सुटायला लागतो. सलग मुक्कामात ही घडी एकदाच, आणि शेगडी रोज तंबू वाळवते.

माझाही स्वस्तातलाच. पाच आठवडे एका जागी उभा होता. आजही वापरात आहे.

तुमची चेन, ठिणग्या, शिवण, तिन्ही हाताळणीच्या चुका वाटतात. राग नसावा.

उंटावरचा_शहाणा
+१. ठिणग्या उडाल्या तर लाकूड बघा, तंबू नंतर. ओलं किंवा सालीसकट राळेचं लाकूड जाळून छताच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. आणि धुराड्याच्या तोंडाशी जाळी लावली होतीत का?

कानटोपी
राग कसला. जाळी होती. ओल्या लाकडाच्या काजळीने ती दोन दिवसांत बुजली, धूर आत फिरला, म्हणून काढून टाकली. कार्बन मोनॉक्साइड की भोकं, यात मी भोकं निवडली. जाळी रोज झाडायला हवी होती हे मान्य.

घडीचा मुद्दाही मान्य, असा विचार मी केला नव्हता. पण "शेगडी रोज तंबू वाळवते" हे अर्धसत्य आहे. पहाटे विस्तव विझला की श्वासातली वाफ भिंतीवर गोठते. आणि बर्फात गाडलेली खालची झालर? ती कधीच वाळत नाही. दिवसा भिजते, रात्री गोठते, शेवटी जमिनीला अशी चिकटते की मुक्काम हलवताना फावड्यानेच खणून काढावी लागते. माझी तिथेच फाटली. भवानीताई, तुमच्या झालरीचं काय झालं ते प्रामाणिकपणे सांगा.

भटकभवानी
फाटली. :) पण वीतभरच. पुढच्या वेळी तिच्यावर बर्फाऐवजी ओंडके ठेवले, मग सोडवताना त्रास झाला नाही.

सुती_माणूस
पॉलिस्टर-नायलॉनचं भांडण ऐकून गंमत वाटते. नायलॉन साधारण २२० ते २६५ अंशांना वितळतं, पॉलिस्टर २५०-२६० च्या आसपास. शेगडीच्या लगतचं धुराडं भर आगीत ३०० च्या वर सहज जातं. अशा वस्तूशेजारी वितळणारं कापड टांगायचं आणि मग टिकाऊपणाची चर्चा! सुती कॅनव्हास वितळत नाही, ठिणगी पडली तर करपून काळा ठिपका उरतो, फार तर बारीक भोक. ओला झाला की धागे फुगून विणीतली छिद्रं मिटतात, कोरडा असताना तोच श्वास घेतो. हेन्री सिब्लीने १८५६ साली शंकूच्या आकाराच्या लष्करी तंबूचं पेटंट घेतलं, तोही कॅनव्हासचाच, आणि थंडीत त्यात शेगडी असे.

भटकभवानी
आणि तो तंबू वाहायला फौजेच्या गाड्या होत्या, हे विसरलात. भिजून गोठलेला कॅनव्हास फळीसारखा उभा राहतो, घडीच होत नाही. स्लेज ओढणारी मी एकटी. शिवाय कॅनव्हास टिकतो तो वाळवणाऱ्याच्या हातात. ओला ठेवलात तर बुरशी लागून कुजतो, हा आजार निदान पॉलिस्टरला नाही.

पागोळी
बर्फाच्या भाराचं कुणीच बोललं नाही. वाऱ्याने दाबलेला बर्फ घनमीटरला ३०० किलो धरा. ३० सेंटिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला ९० किलो. शंकूच्या तंबूवरून तो घसरतो खरा, पण घसरून पायथ्याशी साचतो आणि भिंत आत ढकलतो. सलग मुक्कामात हा ढीग रोज वाढतो. एकदा सकाळी उठून पाहिलं तर भिंत शेगडीपासून हातभर होती, रात्री दोन हात होती. महागड्या तंबूतही असंच झालं असतं, पण तिथे भिंत बाहेर ओढायला मधल्या उंचीवर जास्त दोऱ्या असतात. स्वस्तात त्या बहुधा नसतात, असल्या तरी त्यांची शिवण ताण सोसत नाही. माझं मत कानटोपींच्या बाजूने.

सुईदोरा
हौस म्हणून लोकांचे तंबू शिवून देते, तेव्हा दुखणी बरीच पाहिली. कानटोपींचं निदान बरोबर आहे, औषध चुकलं. स्वस्त तंबू हा तयार माल समजूच नका, अर्धवट शिवून दिलेला माल समजा. नेण्याआधी दोन संध्याकाळी द्या. जॅकची शिवण अरॅमिड (केव्हलरच्या जातीच्या) दोऱ्याने दुहेरी घाला. तो वितळत नाही, फक्त ऊन सोसत नाही, म्हणून वरून लेप हवा. लेप कापड बघून: सिलिकॉन चढवलेल्या नायलॉनला सिलिकॉन, पीयूला युरेथेन. उलट लावलात तर सालासारखा निघतो. पागोळी म्हणते त्या मधल्या दोऱ्यांच्या जागी आतून ठिगळ लावून नवे फास शिवा.

आणि धुराड्याला तीन बाजूंनी तारेचे ताण द्या. हे जवळजवळ कुणीच करत नाही. मग वाऱ्यात हलणारं धुराडं जॅकवर रेलतं, रात्रभर घासतं, आणि शिवण उसवली की शिव्या दोऱ्याला.

कानटोपी
ताण दिले नव्हते. पण मग माझा मूळ प्रश्न तसाच राहतो. दुहेरी शिवण, ठिगळं, लेप, नवी चेन आणि दोन संध्याकाळी घातल्यावर तो तंबू स्वस्त कुठे राहिला? ज्याला सुई धरता येत नाही त्याने काय करायचं?

सुईदोरा
मग दोनच रात्री राहायचं.

उंटावरचा_शहाणा
हाहा. खटला निकाली.

कानटोपी
निकाली कसला. मित्राला हे सगळं वाचायला दिलं. तो म्हणतो महिनाभरच राहणार, आणि विचारतोय की काचतंतूंच्या पट्टीला सुई कितव्या नंबरची लागते.

सुईदोरा
जाड कापडाची, १००/१६. टाके लांब घाल म्हणावं, जवळजवळ घातले तर पट्टी भोकांच्या रेषेवरच फाटते. आणि हातमोजे घालून बस, काचेची कुसळं बोटात गेली की निघत नाहीत.